फोटोंची साफसफाई

“याच नावाची फाइल इथे आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवू का?” कॉम्प्युटरनं मला इंग्रजीत, अगदी अदबीनं विचारलं. खाली तीन-चार बटणं होती. त्यातल्या ‘सगळ्यांना हो’ या बटणावर मी टिचकी मारली आणि ओढणी कमरेला खोचून रवा भाजायला स्वयंपाकघरात गेले.

पंधरा वर्षं झाली त्याला. लग्न होऊन मला कोल्हापुरात साळोख्यांच्या घरी येऊन आठ महिने झाले होते. नवरा, रणजित, रत्नागिरीला बँकेत. तो शनिवारी यायचा. म्हणजे आठवडाभर घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा धरला होता. बोलायचे फार कमी. रात्री जेवताना मात्र एक आकडा सांगायचे. “आठ हजार चारशे झाले.” म्हणजे कॉम्प्युटरवर तेवढे फोटो जमले. सासूबाई “बरं” म्हणायच्या आणि आमटी वाढायच्या.

सासूबाईंना मी घाबरायचे. वाईट काही नव्हत्या, पण शब्द मोजून वापरायच्या आणि वापरलेला प्रत्येक शब्द काम सांगण्यासाठीच असायचा. त्यांच्या डाव्या गालाच्या खालच्या बाजूला, गळ्यावर आणि कानामागे कोडाचे पांढरे डाग होते. मला बघायला आले होते तेव्हा चहा यायच्या आधीच त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, “हे डाग आहेत. लागट नाहीत, आमच्यात दुसऱ्या कुणाला नाहीत. पण सांगितलेलं बरं.” माझ्या वडिलांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्थळ तिथल्या तिथं पक्कं केलं. त्यानंतर त्या डागांविषयी घरात कुणी चकार शब्द काढलेला मी ऐकला नव्हता.

दिवाळी तोंडावर आली होती. अण्णांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ते धारवाडला गेले होते आणि शुक्रवारी, वसुबारसेच्या संध्याकाळी परत येणार होते. इकडे साफसफाईची वाटणी झाली. माळा, भांडी आणि देवघर सासूबाईंकडं. पंखे, जळमटं आणि पुढची खोली माझ्याकडं. “कॉम्प्युटरचं टेबल पण पुसून घे,” असं त्या म्हणाल्या होत्या.

आता टेबल कुणीही पुसतं. मी लग्नाआधी दोन वर्षं कराडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, आणि या घरात येऊन मला आठ महिने नुसत्या पोळ्या लाटाव्या लागल्या होत्या. मला वाटलं, बाहेरून पुसण्यापेक्षा आतून पुसून दाखवू. आत शिरले तर फोटोंच्या जागी पसाराच पसारा. वर्षाचा एक कप्पा, त्यात महिन्यांचे, त्यात दिवसांचे, आणि एकेका दिवसात एखादा नाहीतर दोनच फोटो. एवढे कप्पे कशाला हवेत? मी सगळे फोटो उचलून एका कप्प्यात नेले. रिकामे झालेले कप्पे कचऱ्यात टाकले, कचरा ओतून दिला आणि स्वतःवर फार खूश झाले.

रवा भाजून परत आले आणि अण्णांचा फोटो बघायचा प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर राखाडी चौकोन. खाली गेले, आणखी राखाडी चौकोन. मध्येच एक जिवंत फोटो दिसला, माझ्या नणंदेच्या, माधुरीताईंच्या डोहाळजेवणाचा. त्यावर टिचकी मारली तर उसाची ट्रॉली उघडली.

 तो पसारा नव्हताच, ते त्या प्रोग्रॅमनं स्वतःच्या सोयीनं लावलेलं कपाट होतं. आणि कॅमेरा दर काही दिवसांनी फोटोंना पुन्हा एकपासून आकडे द्यायला लागतो. म्हणजे एकाच नावाचे दहा-दहा वेगळे फोटो होते, आणि मी त्या सगळ्यांना ‘एकाच्या जागी दुसरा’ असं सांगून आले होते. प्रत्येक नावाचा फक्त शेवटचा उरला होता.

मी कराडला मोमीन सरांना फोन लावला. क्लास त्यांचाच होता आणि कॉम्प्युटरमधलं मला जे येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं.

“संपदा, आधी रडणं थांबव,” ते म्हणाले. “आता कॉम्प्युटर बंद कर. या क्षणी. त्याच्यावर एक अक्षर लिहायचं नाही.”

“गेले का सर सगळे?”

“पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिची जागा रिकामी अशी नोंद होते फक्त. दुसरं कुणी तिथं येऊन बसत नाही तोवर ती तिथंच असते. मी एक प्रोग्रॅम देतो, तो शोधून काढेल. बरं, तू ‘सगळ्यांना हो’ दाबलंस?”

“हो सर.”

“क्लासमध्ये मुलांना काय सांगायचीस?”

“प्रत्येक वेळी वाचून मगच दाबा म्हणून.”

“बरं,” एवढंच ते म्हणाले, आणि ते ओरडले असते तर परवडलं असतं.

मी फोन ठेवला तर दारात सासूबाई उभ्या. हातात खोबऱ्याची किसणी.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, आई.”

“मग रडायलीस कशाला?”

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अण्णांचे सात वर्षांचे फोटो, नातवंडांची बारशी, पूर, गणपती, सगळं मी एका टिचकीत मोडलं होतं. शुक्रवारी त्यांना ते कळणार होतं, आणि त्यानंतर या घरात मी कोण म्हणून राहणार होते हे मला समजत नव्हतं. हेही बहुधा मी बोलून गेले.

सासूबाई खाटेवर बसल्या. त्यांनी काळ्या पडद्याकडं बघितलं.

“तरी मी टेबल पुसायला सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

मी पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिले. पण बोलणी तेवढीच होती.

“आज मंगळवार,” त्या उठत म्हणाल्या. “शुक्रवारी दिवेलागणीला येतील ते. काय काय लागतंय ते सांग.”

लागत होती ती सरांची सीडी आणि सापडलेले फोटो उतरवायला एक वेगळी डिस्क. सरांनी दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून कराड-कोल्हापूर एसटीच्या कंडक्टरकडं दिली आणि गाडीचा नंबर फोनवर कळवला. मी स्टँडवर जायला निघाले, तर सासूबाईंनी चप्पल घातली.

“तू नको. तुझं तोंड बघून वाटेत चार जण विचारतील.”

त्या गेल्या आणि दोन तासांनी ते पुडकं छातीशी धरून रिक्षातून उतरल्या. कंडक्टर ते दुसऱ्याच एका बाईला देत होता म्हणे. “मी म्हटलं, नाव वाच की त्यावरचं. साळोखे लिहिलंय. तिला कशाला देतोस, तिला काय करायचीय सीडी?” एवढं सलग वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

त्या काळात दुपारी बारा ते तीन वीज जायची. बुधवारी तीन वाजता वीज आल्याबरोबर मी सरांचा प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर एक आकडा वाढायला लागला. बारा फोटो सापडले. चाळीस. एकशे दहा. सासूबाई शंकरपाळ्या कातता कातता मध्येच पिठाच्या हातानं यायच्या, आकडा बघायच्या आणि जायच्या. साडेसात वाजता काम संपलं तेव्हा पुसलेले फोटो त्या दुसऱ्या डिस्कवर उतरले होते. मी खुर्चीतच डोळे मिटून बसले. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि त्यातली चिमूटभर मला दिली.

पण नुसते फोटो सापडून भागत नव्हतं. कुठला फोटो कुठल्या दिवसाचा, याची अण्णांनी हातानं केलेली नोंद ज्या फाइलमध्ये होती तीच मोडली होती. सगळं कपाट नव्यानं लावायचं होतं. बहुतेक फोटोंच्या पोटातच तारीख असते, ते आपापल्या जागी जाऊन बसले. पण अण्णांचा पहिला कॅमेरा जरा विसरभोळा होता. दर वेळी सेल बदलले की त्याची तारीख एक जानेवारी दोन हजार दोनवर जायची, आणि अण्णा ती कधी लावायचे नाहीत. त्यामुळं त्या एका दिवशी साळोख्यांच्या घरात चौदाशे गोष्टी घडल्या होत्या. गणपती बसला होता, होळी पेटली होती, माधुरीताईंची दोन्ही बाळंतपणं झाली होती, आणि अंगणातला पेरू लागून, पिकून, संपलाही होता.

“हे मला कसं कळणार, आई?” मी म्हटलं. “मी तेव्हा इथं नव्हते.”

“मी होते की,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी करंज्यांचं सगळं सामान पुढच्या खोलीत आणलं. पाट माझ्या खुर्चीशेजारी ठेवला, मांडीवर परात घेतली, आणि आम्ही सुरुवात केली. मी फोटो दाखवायचा, त्यांनी करंजी भरता भरता वर बघायचं.

“हा?”

“दोन हजार चार साल. गणपतीतला. पडदे बघ की, ते मी गौरीच्या आधी बदलले.”

“हा?”

“पुराच्या वर्षीचा. पायरीवर चिखल दिसतोय ना? तो काढायला चार दिवस लागले.”

“हा कुठला, आई? यात नुसता फ्रीज आहे.”

“फ्रीज घेतला त्या दिवशीचा. दसरा, तीन साल. त्यांनी फ्रीजचे नऊ फोटो काढले. आत भाजी ठेवू देईनात.”

मी हसले. हसल्यावर घाबरून त्यांच्याकडं बघितलं, तर त्याही गालात हसत होत्या.

मला त्या दोन दिवसांत जे कळलं ते आठ महिन्यांत कळलं नव्हतं. रणजित कितव्या वर्षापर्यंत मिशी काढू की ठेवू यात अडकला होता. माधुरीताई कुणाशी भांडल्या आणि कुणाच्या लग्नात परत बोलल्या. कुठली काकू प्रत्येक फोटोत पुढं येते. सासूबाई सगळं सांगत होत्या, आणि मला कळेना की या बाईला मी मुकी का समजत होते. सांगायला कुणी विचारलंच नव्हतं, हे खरं.

दुपारी वीज गेल्यावर करंज्या तळल्या आणि तीनला पुन्हा बसलो. तेव्हा कुठं ते माझ्या ध्यानात आलं.

“आई, तुम्ही सगळीकडं होतात म्हणता. पण यात तुम्ही कुठंच नाही.”

“आहे की. हा बघ माझा कोपर.”

खरंच, बारशाच्या फोटोच्या अगदी कडेला एक हिरव्या बांगड्यांचा हात होता, मनगटापासून कोपरापर्यंत. पुढच्यात स्टीलचा ट्रे धरलेली चार बोटं. त्याच्या पुढच्यात भिंतीवर पडलेली सावली, आणि “ती माझी,” असं म्हणून त्यांनी तिचीही तारीख सांगितली.

“फोटो निघायची वेळ झाली की मी चहा टाकायला उठते,” त्या म्हणाल्या.

 त्यांनीच करंजीची कड दाबत सांगितलं. “माधुरीच्या लग्नाचा अल्बम आला. त्यात एक माझा होता, विहीणबाईंची ओटी भरतानाचा. डाव्या अंगानं काढलेला. ह्यांच्या मावशी म्हणाल्या, एवढा एक काढून टाका, पाहुण्यांत दाखवायला बरं दिसत नाही. मीच काढला आणि फाडून चुलीत घातला. त्या दिवशी ह्यांना सांगितलं, परत माझ्याकडं कॅमेरा वळवला तर तो पंचगंगेत जाईल.”

“मग?”

“मग नाही वळवला. शब्दाला पक्का आहे माणूस.”

त्यांच्या आवाजात अभिमान होता. थोडा हिरमोडही होता, पण तो मला नंतर कळला.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेवटच्या फोटोला तारीख घातली. दोनदा आलेले फोटो काढून टाकले. आता खाली एकूण आकडा आठ हजार चारशे बारा यायला हवा होता, कारण धारवाडला जायच्या आदल्या रात्री अण्णांनी जेवताना तोच सांगितला होता. आकडा आला आठ हजार सातशे पंचवीस.

मी परत मोजलं. तीनशे तेरा जास्त. कमी भरले असते तर समजलं असतं, पण हरवलेल्या गोष्टी शोधताना जास्त सापडतात हे मी कुठं ऐकलं नव्हतं. सरांना फोन केला.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “त्या प्रोग्रॅममध्ये फोटो लपवायची सोय असते. लपवलेले मोजणीत धरत नाहीत. तुमचं जुनं कपाट मोडलं, नवीन कपाटाला काय लपवायचं ते ठाऊक नाही. म्हणून सगळे उघड्यावर आले.” मग म्हणाले, “जपून बघ हं. माणसं काय लपवतील सांगता येत नाही.”

 सासूबाई मागच्या अंगणात चकलीची भाजणी चाळत होत्या. सासऱ्यांनी लपवलेले तीनशे तेरा फोटो सुनेनं बघायचे, याहून वाईट काय असणार? पण न बघता लपवणार तरी कुठले? ज्यांना तारखा आपोआप लागल्या ते सात हजार आम्ही उघडून पाहिलेच नव्हते. मी वरून सावकाश खाली जायला लागले. आणि दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मला सासूबाई दिसल्या.

गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या, पाठमोऱ्या. मी पुढं गेले. एप्रिलमध्ये त्या चौकटीबाहेरच्या भाजीवाल्याशी बोट उगारून भांडत होत्या. मेमध्ये वर्तमानपत्र वाचता वाचता बसल्या जागी डुलकी लागली होती, चष्मा नाकाच्या टोकावर. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर. न्हाऊन तुळशीपाशी उभ्या, केस मोकळे. दर महिन्यात पाच-सहा. दारामागून, खिडकीच्या गजांतून, गच्चीच्या कठड्यावरून काढलेले. उजवीकडून होते तसे डावीकडूनही होते. डाग टाळलेले नव्हते आणि मुद्दाम धरलेलेही नव्हते. त्यांच्या गालावर जसा उजेड पडला होता तसा तो आला होता. तीनशे तेराच्या तीनशे तेरा फोटोंत दुसरं कुणीही नव्हतं.

मला रडू आलं, आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं.

“संपलं का गं?” म्हणत सासूबाई आत आल्या. मला पडदा झाकायला जमलं नाही. तिथं त्या अंगण झाडताना कुणाला तरी काही सांगून तोंडभर हसत होत्या, डावा गाल पूर्ण उन्हात.

त्या थांबल्या. हातातली चाळण टेबलावर ठेवली.

“हा कुणी काढला?”

“अण्णांनी. लपवून ठेवले होते. तीनशे तेरा आहेत, आई.”

“केस बघ कसे झालेत,” त्या म्हणाल्या. आणि माझ्या शेजारच्या पाटावर न बसता मला खुर्चीतून उठवून खुर्चीत बसल्या. “पहिल्यापासून दाखव.”

मी दाखवत गेले. बारा वाजायला पाऊण तास होता आणि वीज जायच्या आत आम्ही सगळे बघितले. पहिले पन्नास त्यांनी न बोलता पाहिले. मग अधूनमधून बोलायला लागल्या. “ही साडी मी नंतर बोहारणीला दिली.” “त्या दिवशी ताप होता मला.” “अगं बाई, पेरूच्या झाडावर चढून काढलाय की हा. या वयात.” आणि मग एकदम, “लबाड माणूस. शब्दाला पक्का म्हणत होते मी.”

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात असं कुणी हसतं हेच मला माहीत नव्हतं.

“एखादा पुसायचा आहे का, आई?” मी विचारलं.

“हात लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “होते तसे परत लपव. त्यांना कळू द्यायचं नाही.”

“पण मी त्यांना सगळं सांगायचं ठरवलंय. खोटं नाही बोलणार मी.”

“सांग की. मोडले म्हण, जुळवले म्हण. हे तेवढं सोडून.” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “थांब. इतक्यात नको लपवू. तो जुना कॅमेरा चालतोय का?”

दहा मिनिटांनी त्या हिरवी इरकल नेसून, केस विंचरून आल्या. खिडकीजवळ खुर्ची ओढली, डावा गाल उजेडाकडं केला आणि नजर सरळ माझ्यावर लावली.

“काढ,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांच्यात घाल.”

 एकच फोटो निघाला, तेवढ्यात सेल संपले. तो कॉम्प्युटरवर घेतला, तीनशे तेरांच्या शेवटी ठेवला आणि सगळेच्या सगळे लपवले. खाली आकडा आला, आठ हजार चारशे बारा. दोन मिनिटांत वीज गेली.

संध्याकाळी अण्णा आले. धारवाडी पेढ्यांचा खोका कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला बसले. मी समोर उभी राहिले. दिवसभर वाक्य घोकलं होतं.

“अण्णा, मी कॉम्प्युटर साफ करायला गेले आणि तुमचे फोटो मोडले. सगळे विस्कटले होते, कितीतरी पुसले गेले होते. मग ते परत आणले. तारखा आईंनी सांगितल्या. माझी चूक झाली.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“सगळे परत आले?”

“सगळे. आठ हजार चारशे बारा.”

“आठ हजार चारशे बारा,” ते म्हणाले. चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव आला, मग तो ओसरला. “म्हणजे... बाकी काही नाही?”

“बाकी काय, अण्णा?”

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “बाकी काय असणार आहे?”

“काही नाही, काही नाही,” अण्णा घाईनं म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. “चुका होतात. परत आणलेस हे मोठं काम केलंस. मला जमलं नसतं.” आणि कॉम्प्युटरकडं बघत, “तू जा आता. तिला मदत कर. मी जरा... बघतो.”

हे शब्द ऐकायला मी चार दिवस जीव टाकला होता, आणि आता मला त्याचंही फारसं काही वाटेना. मी आत गेले. सासूबाई कढईसमोर उभ्या होत्या. सोऱ्यातून चकल्या कागदावर पाडत होत्या, पण कान बाहेर होता. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक टिचकी. आणखी एक. मग पुष्कळ टिचक्या, भराभर, एकापाठोपाठ. मग काहीच नाही.

सासूबाईंचा हात थांबला. मी चार चकल्या तेलात सोडल्या, कुणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून.

अण्णा दारात आले. हातात न फोडलेला पेढ्यांचा खोका तसाच होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते सासूबाईंकडं बघत होते.

“फोकस मागच्या भिंतीवर गेलाय,” शेवटी ते म्हणाले.

माझे कान तापले. सासूबाईंनी झाऱ्यानं एक चकली उलटली.

“मग ज्याला चांगला जमतोय त्यानं काढायचा होता की,” त्या तेलाकडं बघत म्हणाल्या. “दारामागं लपून नाही. समोर येऊन.”

अण्णा वळून निघून गेले. मला वाटलं, आपण दोघींनी एका भल्या माणसाला उगाच ओशाळं केलं. पण ते प्रवासाच्या पिशवीतून कॅमेरा काढत होते. परत आले ते तो गळ्यात अडकवूनच. कॉलेजातल्या पोरासारखे आत येऊन कट्ट्यापाशी, अगदी समोर उभे राहिले.

“आत्ता काढू?” त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी मनगटानं कपाळ पुसलं. केस कानामागं सारले, डाव्या कानामागं.

“लवकर काढा, चकल्या करपायल्यात,” त्या म्हणाल्या, आणि झारा माझ्या हातात देऊन कॅमेऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या.